पाचोडची जपानी

माणूस कामावर ठेवायचं म्हणजे वेळेवर पगार द्यायचा आणि अधूनमधून ओरडायचं, एवढंच मला ठाऊक होतं. एखादं माणूस आपल्याकडे राहावं म्हणून दरवर्षी कचेरीत जाऊन त्याची मुदत वाढवून घ्यावी लागते, हे मला जपानबाई आल्यावर कळलं.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं सहली काढून देण्याचं छोटंसं ऑफिस होतं. खाली दोन खोल्यांत ऑफिस, वर मी राहायची. एक अॅम्बेसिडर, एक मेटाडोर आणि एक ड्रायव्हर. लग्न मी केलं नव्हतं. नातेवाईक म्हणायचे, ‘जमलं नाही’; मी म्हणायची, ‘केलं नाही’. उन्हाळ्यात वैजापूरची व्यापारी मंडळी तिरुपतीला जायची, थंडीत जपानी पाहुणे अजिंठ्याला यायचे. तिरुपतीवाल्यांशी मला भांडता यायचं. जपान्यांशी भांडायचं म्हटलं तरी बोलणार कुठल्या भाषेत, हा प्रश्न होता.

ड्रायव्हर मूळचे पाचोडचे. घरची शेती धाकट्या भावाकडे सोपवून ते शहरात आले होते. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला ताई म्हणायचे. गाडी चालवताना ते सतत बोलत असत. मागे बसलेल्या माणसाला मराठी येत नाही, ही त्यांच्या लेखी फार मोठी अडचण नव्हती.

जपानबाई पहिल्यांदा आली ती एका गटाबरोबर आणि वेरूळहून परतताना तापाने फणफणली. गटाची विमानाची तिकिटं काढलेली, गट गेला. तिला मी माझ्या घरी आणलं. मुगाची खिचडी घातली, वर दोन शब्द सुनावलेही, कारण ताप असताना उठून ती माझ्या घरातले चपला-बूट नीट लावत बसली होती. सगळ्यांची तोंडं दाराबाहेर, म्हणजे निघताना पाय घातला की झालं. तिकडे ती शाळेत शिक्षिका होती. माझ्याएवढीच, पन्नाशीकडे झुकलेली, माझ्यासारखीच एकटी. शाळा सोडून दिली आहे आणि आता काय करायचं ते कळत नाही, असं तिने मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मला तिकडून येणारे फॅक्स वाचता येत नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ती नोकरीचा व्हिसा घेऊन आली. जिन्यालगतची खोली मी तिला दिली. महिनाभरात सगळी गल्ली तिला जपानबाई म्हणू लागली.

मराठी ती भाऊंकडून शिकली, हे मला फार उशिरा लक्षात आलं. एकदा मी विचारलं, जेवलीस का? तर म्हणाली, ‘व्हय, लई जेवले.’ आमचं घराणं कारकुनांचं. माझ्या कानांना हे सोसवेना. ‘अगं, हो म्हणावं,’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘हो म्हंजे व्हय, भाऊसाननं सांगितलं.’ जपानी माणसं मानाने प्रत्येकाला सान लावतात. भाऊंचं भाऊसान झालं होतं, माझं ताईसान. शेजारच्या काकूंना वाटायचं, ती मला लहान म्हणतेय. मी चांगली उंचपुरी, अंगानेही भरलेली. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्या दोघांची गट्टी जमली ती एका शब्दावरून. जपानीत ‘हाय’ म्हणजे हो. आणि पाचोडला ‘हाय’ म्हणजे आहे. भाऊ खालून ओरडायचे, ‘बाई, गाडी तयार हाय!’ वरून ती ओरडायची, ‘हाय!’ डिझेल हाय का? हाय. पाहुणे आले हाय का? हाय. पहिले काही महिने या एका शब्दावर त्या दोघांनी माझा अख्खा धंदा चालवला असं म्हटलं तरी चालेल.

मग फुलंब्री, सिल्लोड, फर्दापूर अशा त्या अजिंठ्याच्या रस्त्यावर भाऊंची शाळा सुरू झाली. बाई पुढच्या सीटवर, पाहुणे मागे. डोक्याला जपानीत ‘आतामा’ म्हणतात. लेण्यांची दारं ठेंगणी, पाहुण्यांना डोकं सांभाळा सांगावं लागतं. ‘आतामा ध्यानात राहाया सोप्पं,’ भाऊ मला समजावून सांगायचे, ‘आत्मा म्हनायचं आन् डोक्याला हात लावायचा.’ मधमाशी म्हणजे ‘हाची’. तिथल्या कड्यावर आग्या मोहोळं असतात, तेव्हा हाही शब्द लागायचाच. शब्दांची वाक्यं झाली, वाक्यांच्या गप्पा झाल्या. सिल्लोडच्या हॉटेलात भाऊ पाहुण्यांना चहा घ्या म्हणायचे आणि पाहुणे उठून उभे राहून वाकायचे. भाऊही वाकायचे. चहावाला बघत राहायचा.

आता मुदतीचं. थंडीचे पाहुणे सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघी परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या कचेरीत जायचो. बाईला स्वतःसाठी काही मागता येत नसे. मागायचं मालकाने, म्हणजे मी. फोटो, दाखले, मी हिच्या वागण्याला जबाबदार आहे असं हमीपत्र, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कारण. हे काम करणारं माणूस या देशात मिळत नाही, हे मालकाने दरवर्षी नव्याने पटवून द्यायचं. अर्ज लिहिण्यात आम्ही पिढीजात तरबेज. माझे वडील निजामाच्या कचेरीत उर्दूतून लिहायचे; पोलीस अॅक्शननंतर हळूहळू कचेऱ्यांची भाषा बदलली, तेव्हा केस पिकायला लागलेल्या वयात ते मराठीतून टिपणं लिहायला शिकले. ते मला सांगायचे, कागदावर खोटं लिहू नये, पण खरंही लागेल तेवढंच लिहावं. मी तसंच लिहायची.

कचेरीतले जुने कारकून भले होते. ‘क्या बाई, फिर आ गए? बैठो, बैठो. और एक साल होना? हौ, हो जाएंगा.’ मग चहा यायचा. जपानबाई बाकावर गुडघे जुळवून बसायची, शाळेत पहिल्या दिवशी मूल बसतं तशी. शिक्का पडला की आम्ही दौलताबादच्या रस्त्याला जाऊन सीताफळं घ्यायचो. ती चमच्याने खायची. मी म्हणायची, सीताफळ चमच्याने खाणं हा गुन्हा आहे, यावर तुझी मुदत रद्द होऊ शकते. ती हसायची, पण त्या हसण्यात जरा भीती असायची, आणि मग मलाच वाईट वाटायचं.

खरं सांगायचं तर मला त्या मुदतीचा रागच यायचा. माझ्या घरात इतकी वर्षं मला कुणी विचारत नव्हतं की आज उशीर का झाला. आता विचारणारं माणूस आलं होतं. रात्री दमून जिना चढले की वरून ‘ताईसान, आली का?’ असा आवाज यायचा. ही साधी गोष्ट मला वर्षावर्षाच्या हप्त्याने का मिळावी? ती धंद्यासाठी हवी होती हे कागदावरचं कारण झालं. मला ती माझ्यासाठी हवी होती.

अशी काही वर्षं गेली. मग ते जुने कारकून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण साहेब आले. उद्धट नव्हते. नीटनेटके होते, आणि नीटनेटक्या माणसाला सगळं डोळ्यांनी बघायचं असतं. ते म्हणाले, मी एकदा तुमचं ऑफिस बघून जातो.

आले. मी पोहे केले होते. त्यांनी जपानबाईला दोन-चार प्रश्न विचारले. तिने ‘व्हय साहेब’ म्हणून उत्तर दिलं तेव्हा साहेब चक्क हसले. फॅक्स पाहिले, पाहुण्यांची पत्रं पाहिली. सगळं छान चाललं होतं. इतक्यात भाऊ गाडीची किल्ली घ्यायला आत आले. साहेबांनी सहज विचारलं, ‘काय हो, बाई काम करतात का, की नुसत्या बसूनच असतात?’

भाऊंना ते लागलं. पाचोडला लहानपणी ते तालमीत जायचे. तिथे वस्ताद कसा आहे ते बघायचं असेल तर त्याच्या पठ्ठ्याला आखाड्यात उतरवतात, हे त्यांच्या रक्तात होतं. त्यांना वाटलं, साहेब बाईंची पारख करायला आलेत.

‘नुसत्या बसून?’ भाऊ म्हणाले. ‘साहेब, ह्या बाईनं माज्यासारक्या अडान्याला जपानी शिकिवली. ऐका आता.’

आणि ते हात मांडीला लावून उभे राहिले. आधी पाहुण्यांचं स्वागत केलं. मग लेण्यात शिरताना डोकं सांभाळा, पायातलं इथं काढा, मोहोळाखाली बोलू नका, थकला असाल तर जरा टेका, पाणी आणू का, घरी कोण कोण असतं. मधेमधे मराठीतून अर्थ सांगत होते. जपानबाई खुर्चीच्या काठावर येऊन बसली होती. तिच्या ओठांची हालचाल भाऊंच्या ओठांबरोबर होत होती. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. मला मात्र अर्जात लिहिलेलं कारण आठवलं. मी खोकले, डोळे मोठे केले, भाऊंना चहा आणायला पाठवायचा प्रयत्न केला. भाऊ रंगात आले होते.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘वा! म्हणजे उद्या बाई इथे नसल्या तरी अडणार नाही?’

‘अडंल कसं?’ भाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘मी हाय की!’

आणि तो शब्द ऐकून जपानबाईनेही सवयीने मान लववून हसत म्हटलं, ‘हाय!’

साहेबांनी ते लिहून घेतलं.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, ‘बाई, तुम्ही लिहिता की इथे ही भाषा येणारं कुणी नाही, आणि तुमचाच माणूस माझ्यासमोर बोलून दाखवतो. मी काय करू?’ मी म्हटलं, अहो, ड्रायव्हर आहेत ते, पोपटपंची आहे. ते म्हणाले, असेल. मला त्यातलं कळत नाही. मग जरा विचार करून त्यांनीच वाट सुचवली. ज्यांना कळतं त्यांनी लिहून द्यावं. जपानबाईंनी स्वतः लिहून द्यायचं की या माणसाला भाषा येत नाही, नुसतं पाठांतर आहे. मग आपण वर पाठवून बघू. वाईट माणूस नव्हता तो. आजही मी त्याला वाईट म्हणत नाही.

मी तिथेच टायपिस्टाकडून इंग्रजीत चार ओळी टाइप करून घेतल्या आणि उड्या मारत घरी आले. संध्याकाळी तिच्यापुढे कागद ठेवला. म्हटलं, सही कर, सुटलो. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. कागद उलटा करून ठेवला.

‘ताईसान, भाऊसानला येतं.’

‘मला माहीत आहे गं येतं. कागदापुरतं येत नाही म्हण.’

‘कागदापुरतं म्हंजे काय?’

मी समजावून थकले. कागद वेगळा, माणूस वेगळा. साहेबांनाही ठाऊक आहे. भाऊंचं यात काही जात नाही. ती ऐकत होती आणि मान हलवत होती. शेवटी माझा तोल गेला. ‘तुला इथं राहायचंय की नाही, ते एकदा सांग!’

‘राहायचंय,’ ती म्हणाली. ‘लई राहायचंय ताईसान.’ तिचे डोळे भरले. ‘पन मी शाळेत शिकवत होते. ज्याला येतं, त्याला येत नाय, असं कदी लिवलं नाय.’

त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही.

सकाळी मी भाऊंना गाठलं आणि काय झालंय ते सांगितलं. आपल्या हातून काय घडलं ते कळल्यावर ते तडक जिना चढून वर गेले. ‘बाई, लिवा,’ ते म्हणाले. ‘मला काय येतंय? मी आपलं बैलावानी मुंडी हलवितो. कामून हट्ट करायलेत? लिवा, येत नाय म्हनून.’

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि जपानीत काहीतरी विचारलं. भाऊ गप्प. जणू काही कळलंच नाही अशा चेहऱ्याने भिंतीकडे बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं. भाऊ गप्पच, कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. तिसऱ्यांदा तिने काहीतरी वेगळं विचारलं, हळू आवाजात. आणि भाऊंना राहवलं नाही. हात हलवत, घाईघाईने, ते भराभरा बोलत सुटले, आणि बोलता बोलता बाहीने डोळे पुसायला लागले.

‘बगा ताईसान,’ ती माझ्याकडे वळून म्हणाली. ‘येतं.’

नंतर मी भाऊंना विचारलं, काय म्हणाली ती? ते म्हणाले, ‘माज्यावर रागावलात का, असं इचारलं. आता ह्याला गप कसं बसावं, ताई?’

तो कागद मी बिनसहीचा परत नेला. वरच्या कचेरीतही जाऊन आले, एका वकिलालाही भेटले. वडिलांनी शिकवलेली सगळी विद्या खर्ची घातली. मुदत वाढली नाही. वर्ष संपायच्या आत जावं लागेल, असं उत्तर आलं.

राहिलेले दिवस तिने भाऊंना शिकवण्यात घालवले. उठता बसता. मला इतका हेवा वाटायचा की मी खाली ऑफिसात जाऊन उगाच फायली आपटायची. ती जाणार म्हणून माझा जीव तुटत होता आणि ही बया तिच्या जागी बसणाऱ्याला तयार करत होती. एकदा मी तिला तसं बोललेही. ती म्हणाली, ‘पाहुणे येणार, मग बोलायला कोनी पायजे ना.’ पाहुणे! मला मेलं पाहुण्यांचं काय पडलं होतं?

चिकलठाण्याच्या विमानतळावर भाऊंनीच गाडी नेली. आत जाताना ती दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्यापुढे वाकली, खूप वेळ वाकून राहिली. मी तिला धरून उभं केलं आणि मिठी मारली. लोक बघत होते. बघू देत म्हटलं. मी भोकाड पसरून रडले.

पाहुणी म्हणून येईन, असं ती पत्रात लिहायची. आधी तिच्या आईचं आजारपण निघालं, मग तिचंच गुडघ्याचं दुखणं. पत्रं कमी होत गेली. पुढे नुसतं नव्या वर्षाचं कार्ड यायचं, त्यावर एक ओळ मराठीत, तीही पाचोडच्या मराठीत. ती परत आली नाही. दारातल्या चपला पुन्हा अस्ताव्यस्त पडायला लागल्या. काही दिवस मीच त्या लावून ठेवायची, मग सोडून दिलं. मला ताईसान म्हणणारं कुणी उरलं नाही. भाऊ एकदा म्हणाले होते गमतीने, पण माझा चेहरा पाहून पुन्हा म्हणाले नाहीत.

त्यांच्याशी मी काही महिने तुटकच वागले. धंदा मात्र थांबला नाही. त्यांनी म्हटलं होतं तसं खरंच अडलं नाही, आणि याचंच मला दुःख होतं. भाऊ एकटेच पाहुण्यांना अजिंठ्याला न्यायचे, आणायचे. मी त्या गाडीत बसायचं टाळत असे.

बऱ्याच वर्षांनी एकदा बसावं लागलं. फर्दापूरला एका हॉटेलमालकाशी बोलायचं होतं. मी पुढे, भाऊंच्या शेजारी. मागे चार पाहुण्या, त्यांतली एक म्हातारी इंग्रजीची शिक्षिका होती. भाऊ गाडी चालवता चालवता त्यांच्याशी बोलत होते आणि त्या चौघी एकमेकींकडे बघून सारख्या हसत होत्या. मला राग आला. मी मागे वळून इंग्रजीत विचारलं, काही चुकतंय का त्यांचं?

म्हातारीने घाईने माफी मागितली. म्हणाली, चुकत काही नाही, उलट फार चांगलं बोलतात. पण आमच्याकडे पुरुष वेगळं बोलतात आणि बायका वेगळं. यांच्या वाक्याच्या शेवटी जो छोटा शब्द येतो तो फक्त बायका लावतात, त्याही आमच्या वयाच्या. शब्दांवरचा हेल एका खेड्याकडच्या भागातला आहे. डोळे मिटून ऐकलं तर वाटतं, तिकडच्याच कुणी प्रेमळ शाळामास्तरीणबाई बोलतायत. कुठे शिकले हे?

मी समोरच्या काचेकडे तोंड केलं. भाऊंना इंग्रजी थोडं थोडं कळायचं. त्यांचे कान लाल झाले होते. फर्दापूरला त्यांनी पाहुण्यांना हाताच्या खुणेनेच उतरवलं. पाहुण्या उतरून लेण्यांकडे गेल्यावर स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘येवढी वर्सं समदे हसत आसतील मला. मी बाईमानसावानी बोलायलो. त्या हॉटेलातल्या गाइडाकडं एक पुस्तक हाय, पुरुषाच्या बोलन्याचं. शिकून घेऊ का? म्हैन्याभरात बदलून टाकतो समदं.’

‘खबरदार!’ मी म्हणाले. ‘त्यातला एक शब्द जरी बदललात ना भाऊ, तर कामावरून काढून टाकीन.’

पाहुण्या परत यायला अजून वेळ होता. मी म्हटलं, आता जपानीत बोला काहीतरी. ते म्हणाले, काय बोलू? मी म्हटलं, काहीही बोला, मला थोडंच कळणार आहे. मी डोळे मिटून घेतले.